जुनी फियाट रोजच्या रस्त्यावर



मुंबईतली पद्मिनी टॅक्सी, म्हणजे फियाटच, ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून कायमची गेली. पण घरगुती वापरातल्या फियाट अजून आहेत, आणि अशी गाडी घेऊन रोज कामावर जाता येईल का, असं तरुण मंडळी आवर्जून विचारतात. जाता येतं. फक्त तिच्यात ताकद किती आणि कुठे आहे, हे ओळखून चालवावी लागते.

फियाटची डिलाइट असो वा पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या या गाड्यांचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. 1983 मध्ये आलेल्या मारुतीचं इंजिन अवघं 796 सीसीचं, आणि ताकद जवळपास तेवढीच. तरीही सिग्नल सुटला की मारुती पुढे निघून जायची, कारण ती सातशे किलोंच्या आत आणि फियाट नऊशेच्या घरात. म्हणून फियाटला ओव्हरटेक करायचं तर समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा हवा. घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये. मात्र शहरातल्या संथ गर्दीत चार माणसं बसवून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ती कुरकुर न करता ओढते, आणि शहरात रोज लागतं ते एवढंच.

स्टिअरिंग उभ्या गाडीत जड, चालत्या गाडीत हलकं. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. तो वाढला की गाडी सरळ रस्त्यावरही सारखी सावरावी लागते. जोर मागच्या चाकांना आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे पावसाळ्यात रिकामी गाडी वळणावर जोरात घातली की शेपूट सरकतं. वळणाआधीच वेग उतरवावा, वळणात नाही.

खरा प्रश्न ब्रेकचा आहे. चारही चाकांना ड्रम. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. जुने चालक सांगत, ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात उतरावा. फियाटसाठी हा नियम आजही तंतोतंत पाळायला हवा.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधले रबरी भाग त्याने खराब होतात. ते इथेनॉल सोसणारे बसवून घ्या. नाहीतर खराब नळीतून पेट्रोल गरम इंजिनावर गळून आग लागू शकते.

दुसरं इंजिन बसवून ताकद वाढवून देणारेही भेटतात. माझं स्पष्ट मत आहे, तसं करू नका. हे ब्रेक चाळीस अश्वशक्तीच्या गाडीसाठी बनलेत. तोच पैसा ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगवर घाला. आणि जुनी फियाट घ्यायला गेलात, तर बॉनेटच्या आधी चारही ड्रम उघडून दाखवायला सांगा.