कप्तान चुकतो तेव्हा मुलांना काय सांगावे?



आम्ही शाळा सातवीत सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा बालमानसशास्त्रावर व्याख्यान देणे आम्हांला शोभणार नाही. एका खेळाडूची हकीकत सांगावयाची आहे, आणि ती सहासात वर्षांच्या मुलांपुढे कशी मांडावी हे पाहावयाचे आहे.

लाडका खेळाडू गैरवागला की घरोघर दोनच गोष्टी होतात. बाप भिंतीवरचे चित्र फाडतो, नाहीतर आई म्हणते, "तुला काय करायचंय? जा खेळायला." पोर खेळावयास जाते आणि गल्लीत सारे ऐकून येते, तेही तिखटमीठ लावलेले. त्यापेक्षा आपणच सांगितलेले बरे.

दक्षिण आफ्रिकेचा हॅन्सी क्रोनिए हा कप्तान. 53 कसोटींत नेतृत्व केले, त्यांतल्या 27 जिंकल्या. 7 एप्रिल 2000 रोजी दिल्ली पोलिसांनी सट्टेवाल्याशी त्याची टेलिफोनवरची बोलणी उघड केली. प्रथम त्याने साफ इन्कार केला. चार दिवसांत तो मोडला. कप्तानपद गेले, जन्माची बंदी आली, आणि 1 जून 2002 रोजी विमान अपघातात, वयाच्या 32 व्या वर्षी, तो वारला. जानेवारी 2000 मध्ये सेंच्युरियनच्या कसोटीत निकाल लागावा म्हणून त्याने डाव सोडून दिला होता. तेव्हा खिलाडूवृत्ती म्हणून वाहवा झाली. मागाहून कळले की एका सट्टेवाल्याकडून त्याने पैसे आणि चामड्याचे एक जाकीट घेतले होते. मुलांना लाखांचा हिशेब कळत नाही. जाकीट कळते.

परंतु वस्तीतल्या मुलांना आम्ही क्रोनिएपेक्षा दुसऱ्या दोघांविषयी अधिक सांगतो. 19 मार्च 2000 चा नागपूरचा सामना. कप्तान हर्शेल गिब्ज आणि हेन्री विल्यम्स यांच्याकडे हॉटेलच्या खोलीत गेला. गिब्जने वीस धावांच्या आत बाद व्हावे, विल्यम्सने आपल्या दहा षटकांत पन्नासांवर धावा द्याव्यात. प्रत्येकी 15,000 डॉलर. दोघांनी होकार दिला. दोघेही गौरेतर समाजातले, आणि त्या देशातली गोऱ्यांची राजवट संपून जेमतेम सहा वर्षे झालेली. अशा माणसाला गोऱ्या कप्तानाला नाही म्हणणे किती जड गेले असेल, हे ज्याने मुकादमापुढे मान खाली घातली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. आमची मुले उद्या कप्तान होतील की नाही कोण जाणे. पण ज्याच्यावर आपला जीव आहे तो खोलीत येऊन हळूच काही मागतो, ही वेळ त्यांच्यावर येईलच.

आता गंमत पाहा. गिब्जने त्या दिवशी 74 धावा ठोकल्या. विल्यम्स 11 चेंडू टाकून दुखापतीने बाहेर गेला. ठरले त्यातले काहीच झाले नाही, तरी दोघांना सहा महिन्यांची बंदी! येथे मुले हमखास भांडतात. "त्यानं तर केलंच नाही!" एक मुलगी मात्र म्हणाली, "पण त्यानं हो म्हटलं ना?" त्या वादात आम्ही पडत नाही. मुलांना भांडू द्यावे. आमच्या व्याख्यानापेक्षा ते त्यांच्या अंगी अधिक लागते.

मग त्यांना 1996 ची मुंबई सांगतो. डिसेंबरात हाच कप्तान, सामना हरण्यासाठी आलेली मोठ्या रकमेची लालूच घेऊन सगळ्या संघाच्या बैठकीत आला होता. अँड्र्यू हडसन, डेरेक क्रुक्स यांच्यासारखे काही जण विरोधात ठाम उभे राहिले आणि प्रस्ताव बारगळला. माणूस तोच, पैशाचा मोहही तोच. मुंबईत चारचौघांत विचारले, नागपुरात दार लावून. आम्ही उभा जन्म सभा भरविण्यात घालविला, त्यामुळे हा फरक आम्हांला जरा अधिकच मोठा दिसत असेल. कुणी गुपचूप काही मागितले तर "सगळ्यांना विचारून सांगतो" एवढे म्हणावयाचे, हे मात्र सहा वर्षांच्या मुलालाही शिकविता येते.

शेवटी एक पोर विचारतेच, "मग तो आवडला तर चालेल का?" त्याच्या देशात 2004 साली लोकांनी थोर व्यक्तींसाठी मते दिली, तेव्हा क्रोनिए अकरावा आला. आम्ही म्हणतो, खेळ आवडू दे, केले ते आवडून घेऊ नकोस. "दोन्ही एकदम कसं?" असे त्याने विचारले. त्याच्या मामाचे उदाहरण अगदी ओठांवर आले होते, पण मामा शेजारीच उभा होता.