शिक्षा एकाला, भोग घराला

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



'हवामानबदलाचे राजकारण' या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. मी शास्त्रज्ञ नाही. तीस वर्षे शाळामास्तरकी केली. उरलेला वेळ पक्षाच्या कामात आणि फुटबॉलच्या मैदानावर गेला. तेव्हा या विषयाकडे मी माझ्या पेठेतूनच पाहणार. त्यात तुरुंगाचा विषय येईल. तो विषयांतर वाटल्यास शेवटपर्यंत धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रारंभ मात्र इंग्लंडपासून करतो. मार्च २०२२ मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर एव्हर्टन आणि न्यूकॅसल यांचा सामना चालू असताना एक तरुण मैदानात शिरला आणि त्याने आपली मान प्लास्टिकच्या पट्ट्याने गोलखांबाला बांधून घेतली. नवे तेल उपसणे थांबवा, ही त्याच्या संघटनेची मागणी. आमच्या कट्ट्यावर या प्रसंगाची बरीच थट्टा झाली. आमचे लक्ष दुसरीकडे होते. एव्हर्टनचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता आणि उरलेल्या दहा जणांनी जादा वेळेत गोल करून सामना जिंकला, याचेच आम्हाला कौतुक.

पुढे त्याच संघटनेच्या आंदोलकांनी लंडनभोवतालचा एम-२५ महामार्ग रोखला. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने या कटाबद्दल एकाला पाच वर्षे व चौघांना प्रत्येकी चार वर्षे तुरुंगवास ठोठावला. 'सार्वजनिक उपद्रव' या गुन्ह्यास कमाल दहा वर्षांची शिक्षा ठेवणारा कायदा तेथे २०२२ सालीच झाला होता. मार्च २०२५ मध्ये अपिलात या शिक्षा काही अंशी कमी झाल्या, पण अडीच वर्षांखाली कोणाचीच आली नाही. त्याआधी, २०२३ मध्ये, डार्टफर्डच्या पुलावर चढलेल्या दोघांना शिक्षा झाली होती. त्यांपैकी एक जर्मन नागरिक. त्याची जोडीदारीण व तिची मुले इंग्लंडमध्ये. शिक्षेमुळे त्याला देशाबाहेर घालविण्याची नोटीस निघाली. रस्ता अडविल्याने सामान्य माणसाचे हाल होतात हे मी नाकारत नाही. पण त्या मुलांनी कोणता रस्ता अडविला होता?

हे वाचताना मला माझी आई आठवली. आणीबाणीत वडिलांना 'मिसा'खाली येरवड्याला ठेवले, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील सुटून आले तेव्हा गावात हार पडले, भाषणे झाली. आईने त्या काळात शिवणयंत्रावर घर चालविले, दुकानदाराची उधारी फेडली, धाकट्या बहिणीचे आजारपण एकटीने काढले. तिच्या गळ्यात कोणी हार घातला नाही. १९२२ साली गांधीजींनी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्याकडे कठोरात कठोर शिक्षा मागितली, ही आपली परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तथापि सत्याग्रही शिक्षा मागून घेतो; घराच्या वाट्याला ती न मागता येते.

आमच्या घराला निदान पक्ष होता. साथी गुपचूप धान्य पोचवीत. आता ज्याला पक्ष नाही अशा घराची गोष्ट सांगतो. तिच्यात माझी लाज आहे.

२०१९ च्या हंगामात एका सामन्यानंतर दोन पेठांच्या पोरांत दगडफेक झाली. एका मुलाचा डोळा गेला. पकडलेल्यांत आमच्या उतारावरच्या वस्तीतला एक उत्तम मधल्या फळीचा खेळाडू होता. दगड त्याने मारला होता. तो निर्दोष होता असे मी म्हणत नाही. त्याला जामीन मंजूर झाला, पण ऐपतीचा जामीनदार मिळेना. त्याची आई, जिला सारी गल्ली आक्का म्हणते, माझ्याकडे आली. घर माझ्या नावावर आहे. मी म्हणालो, "बघू, आक्का." ती समजायचे ते समजली. पुन्हा आली नाही.

त्या ऑगस्टात पंचगंगेला पूर आला. त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. आक्का आणि तिची मुलगी यांनी रात्री हाती लागेल ते घेऊन शाळेतील छावणी गाठली. धरणारा हात कळंब्याच्या कारागृहात होता. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला आलेल्या माणसाने मुलगा कुठे असतो म्हणून विचारले. आक्का म्हणाली, "बाहेरगावी."

पुढे त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला. बहिणीचे जमत आलेले लग्न मोडले ते मोडलेच. आणि ज्याचा डोळा गेला, त्याच्याही घरी आपल्यापैकी कोणी गेले नाही. पीडिताला भरपाई देण्याची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, हे त्या घराला सांगावयासही कोणी नव्हते.

साथींनो, फुटबॉलमध्येही एकाच्या चुकीची किंमत सर्वांना मोजावी लागते. दहा जणांनी खेळावे लागते. पण तेथे नियम आधी ठाऊक असतो, उरलेले दहा एकमेकांची जागा भरून काढतात, आणि बंदी संपली की खेळाडू परत येतो. आक्काच्या घरात जागा भरून काढणारे कोणी नव्हते.

हवामानबदलाचा न्याय याहून वेगळा आहे काय? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मग महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो. दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंत झालेल्यांच्या कर्माचा हिशेब आक्काच्या उंबऱ्यात येतो. पूररेषेत बांधकामे होऊ देणारे आपल्याच गावचे, हेही विसरू नये. हानीच्या भरपाईसाठी जागतिक निधी उभारण्याचे २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे ठरले, ही हक्काची मागणी आहे आणि ती आपण लावून धरलीच पाहिजे. परंतु अपराध एकाचा आणि भोग दुसऱ्याचा, हे ज्यांना जगाच्या व्यवहारात खुपते, त्यांना ते शेजारच्या घरातही खुपले पाहिजे. नाहीतर आपले हवामानाचे राजकारण ठरावापुरतेच राहील.

म्हणून तीन कामे सुचवितो. २०२२ अखेर देशातील कैद्यांपैकी सुमारे शहात्तर टक्के कच्चे कैदी होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याची सुटका व्हावयास हवी; फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यांतून वगळले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या खटल्यांनाही लागू केले. आपल्या भागातील अशा कैद्यांची यादी करा. दुसरे, कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने आहे. त्याच्या घरच्या माणसाबरोबर विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत चालत जा. तिसरे, पूर येण्यापूर्वी वस्तीची यादी कराल तेव्हा ज्या घरातला माणूस आत आहे, त्या घरापुढे खूण करा. पहिली गाडी तेथे गेली पाहिजे.

आणि ज्यांच्या नावावर घर आहे त्यांनी, कोणी आक्का दारात आली तर, "बघू" म्हणू नये. मी म्हणालो होतो.