पात्र, अपात्र आणि येडा
(गुरुकुंज मोझरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी गोदीत माल उतरवतो, कविता लिहितो, मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. तरी मनाच्या आजारावर बोलणार, कारण आमच्या घरचा एक माणूस त्यात गेला.

माझा मामा. इथं प्रार्थनेला यायचा. तिवसा तालुक्यात मक्त्यानं कापूस करायचा. शेवटचे सहा महिने झोपलाच नाही. गाव म्हणे, येडा झाला. मामी म्हणे, बाहेरचं लागलं. मी मुंबईहून आलो की विचारायचा, "काहून रे भाच्या, तुले झोप कशी येते?" मी हसायचो. मग त्यानं जीव दिला.

सरकारी कागदावर शेरा आला : अपात्र. सातबारा त्याच्या नावावर नव्हता ना! म्हणजे शेतकरी नाही, म्हणजे कर्जानं मेला नाही. मग कशानं मेला? तर 'मनोरुग्ण होता'. जिवंतपणी एका डॉक्टरनं तपासलं नाही. निदान झालं ते मेल्यावर, नि तेही कारकुनाच्या हातून.

रोगाला नाव कोण देतो हे बघा. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं पळून जाणाऱ्या काळ्या गुलामाला रोगी ठरवलं. मालकाला नाही, पळणाऱ्याला! रोगाचं नाव ड्रॅपेटोमॅनिया. समलिंगी माणसं तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९७३ पर्यंत रोगी होती. मग संघटनेनं ठराव केला नि साली एका दिवसात बरी झाली.

म्हणून आपले काही दोस्त म्हणतात, हे सगळं थोतांड, रोगी ही व्यवस्थाच. मला हे पटत नाही. मामाच्या रात्री थोतांड नव्हत्या. याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला, त्याचा अभ्यास २०१७ साली छापून आला. आधी नैराश्यानं पिडलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतर २७.२ टक्के. कापसाचा भाव त्यांनी वाढवला नाही, हे खरं. पण विचारलं तर माणूस बोलतो. मामाला कोणी विचारलं? मीसुद्धा नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३ वाचा. मान्य वैद्यकीय मापानंच आजार ठरवायचा. माणसाची आर्थिक-सामाजिक पायरी बघून किंवा तो गावरीत पाळत नाही म्हणून नाही. त्या कारकुनाला हे कोण सांगणार?

आता मामीची झोप गेलीय. उद्या तिला अमरावतीला डॉक्टरकडे नेतोय. झोप, भूक, रडणं, सगळं सांगू. आणि मक्त्याचे किती पैसे द्यायचे राहिलेत तेही सांगणार. केसपेपरवर त्याला रकाना नसला तर मागच्या बाजूला लिहा म्हणणार.