चित्रा नक्षत्राची मुलगी

जेवणं आटोपली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ, आज आमच्याबरोबर अंगणात चला.

गेल्या माघात आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या लेकीचं स्थळ परत गेलं. मुलगी बारावी झालेली, शिवणकामात तरबेज. निरोप आला, "पत्रिका जमत नाही. मुलीचं नक्षत्र चित्रा, गण राक्षस." त्या एका शब्दानं पोर महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. आम्हीही गप्प बसलो. हस्त सरला की ऑक्टोबरात चित्रा लागतं, यापलीकडे आम्हाला तरी काय ठाऊक होतं?

मग चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या रात्री शाळेतल्या बाईंनी आम्हाला ती चांदणी दाखवली. तुम्हीही बघा. चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी शोधा. त्यांची शेपटी जशी वळते, तशीच रेघ मनानं पुढे ओढा. आधी नारिंगी स्वाती लागते. तीच रेघ आग्नेयेकडे नेली की निळसर पांढरी, ठळक चांदणी दिसते. ती चित्रा. पौर्णिमेचा चंद्र तिच्या आसपास असतो, म्हणून महिन्याचं नाव चैत्र. ऑक्टोबरात मात्र सूर्यच तिच्या बाजूला असतो, त्यामुळे चित्रा नक्षत्र चालू असताना चित्रा दिसतच नाही!

आणि ही एकटी नाही बरं का. डोळ्यांना एक दिसते, पण आहेत दोघी. फुगडी आठवा. हात धरून, मागं रेलून दोघी गरगर फिरतात. वजनदार बाई आतल्या आत फिरते, हलकी बाई मोठा फेरा घेते. तशी या दोघींची फुगडी चालते, आणि एक फेरा जेमतेम ४ दिवसांत पुरा होतो. इतक्या जवळ आहेत की एकमेकींच्या ओढीनं दोघींचा आकार अंड्यासारखा लांबट झाला आहे. दुर्बिणीतूनही त्या वेगळ्या दिसत नाहीत. १८९० साली जर्मनीत हर्मान फोगेल यांनी चित्राच्या प्रकाशाचे रंग वेगळे केले. त्यातल्या रेघा ठरावीक दिवसांनी पुढे-मागे सरकताना दिसल्या, आणि तिथे जोडी आहे हे कळलं.

दोघींतली थोरली आपल्या सूर्याच्या सुमारे ११ पट वजनाची, धाकटी ७ पट. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. त्याहून तापलेल्या ताऱ्याचा रंग निळसर दिसतो. चित्रा सूर्याच्या सुमारे चौपट तापलेली आहे.

आता गटाचा हिशेब लावा. थोरलीकडे पुंजी सूर्याच्या ११ पट, आणि खर्च? प्रकाश टाकते सुमारे २०,००० पट! अशी पुंजी किती पुरणार? सूर्याचं आयुष्य सुमारे १००० कोटी वर्षांचं, हिचं मात्र काही कोटी वर्षांतच सरेल, आणि शेवटी ती मोठ्या स्फोटानं फुटेल.

तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे २५० वर्षं लागतात. आज अंगणात आपल्या डोळ्यांत पडणारा उजेड निघाला तेव्हा महेश्वरला अहिल्याबाई होळकर राज्य करत होत्या. चंद्राचा उजेड मात्र सव्वा सेकंदात पोचतो. मग जन्मनक्षत्र चित्रा म्हणजे काय? मूल जन्मलं तेव्हा चंद्र आकाशाच्या त्या भागात दिसत होता, एवढंच. खरं तर चंद्र आपल्या उंबऱ्याशी आणि चित्रा कुठल्या कुठे. त्या दोघी फुगडी खेळणाऱ्या ताऱ्यांना आपल्या पोरीचा गण काय माहीत?

हे ऐकून ती मुलगी इतकंच म्हणाली, "म्हणजे मी जन्मले तेव्हा चंद्र हिच्याजवळ होता?" आणि कितीतरी वेळ वर बघत राहिली.

पुढच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला: आपल्या मुलासाठी मुलगी बघताना गण विचारायचा नाही. शिक्षण विचारू, तब्येत विचारू, आणि मुलीला स्वतःला काय हवं तेही विचारू. १४ जणींनी सह्या केल्या. दोघींनी अजून केलेल्या नाहीत. त्यांना आम्ही घाई करणार नाही. पुढच्या चैत्रात त्यांनाही अंगणात बोलावू.

तुमच्या गटात हा विषय निघाला तर आधी वाद घालू नका. आधी चांदणी दाखवा. नमस्कार.