शर्मिष्ठेंतील टायटॅनियम

विड्याच्या पानाला चुना लावतांना त्याचा एखाद्या विझलेल्या ताऱ्याशीं संबंध असेल असें आपल्या मनांतहि येत नाहीं. परंतु त्या चुन्यांतील कॅल्शियमच्या दर शंभर अणूंपैकीं सुमारें दोन अणु ४४ भाराचे असतात; आणि त्यांतले बहुतेक अणु ताऱ्यांच्या स्फोटांत प्रथम टायटॅनियम म्हणून जन्मलेले आहेत.

शर्मिष्ठा हा तारकासमूह आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तेथें सुमारें ११,००० प्रकाशवर्षांवर एका प्रचंड ताऱ्याचे अवशेष विखुरलेले आहेत. त्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीपर्यंत पोचण्यास साडेतीनशें वर्षें होत आलीं. हें टायटॅनियम दर ५९ वर्षांनीं निम्में होतें. म्हणजे आज त्याचा सुमारें साठावा हिस्सा काय तो उरला. तरीहि त्याच्या क्षयाची साक्ष देणारे गामा किरण उपग्रहावरील दुर्बिणीला सांपडल्याचें १९९४ सालीं जाहीर झालें. त्यावरून मागें हिशेब केला तर मूळ टायटॅनियम चाळीस-पन्नास पृथ्व्यांच्या वजनाइतकें भरतें. बहुतेक साध्या गणितांत मात्र तें याहून कमी निघे.

मग दोष कोणाचा? स्फोटाच्या कल्पनेचा, कीं अणुगर्भांच्या आंकड्यांचा? कॅल्शियमच्या गर्भावर हेलियमचा गर्भ आदळला कीं टायटॅनियम घडतें. पण त्यावर आणखी एक हेलियम आदळला, तर प्रोटॉन सुटून त्याचें व्हॅनेडियम होतें. द्रव्य निवत असतां ही दुसरी प्रक्रिया किती वेगानें चालते यावर शिल्लक बरीच अवलंबून असते. जमाखर्चांत जमेची बाजू अर्धवट ठाऊक आणि खर्चाची अंधुक, असा हा मामला!

हा वेग मोजावयाचा तर हातीं टायटॅनियम हवें, आणि या जातीचें तें खाणींत मिळत नाहीं. तेव्हां संशोधकांनीं मोठी नामी युक्ति केली. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेंत कणांच्या माऱ्यानें किरणोत्सर्गी झालेले यंत्राचे धातुभाग होते. त्या भंगारांतून टायटॅनियम वेगळें काढून जिनीव्हाजवळील सर्न येथें त्याचा झोत हेलियमवर सोडला. २०१४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: अपेक्षिलेले प्रोटॉन दिसलेच नाहींत. अर्थात् त्या ऊर्जेला प्रक्रियेचा वेग रूढ अंदाजाच्या निम्म्याहूनहि कमी असला पाहिजे, आणि टायटॅनियम अधिक उरलें पाहिजे.

मला तर हा न दिसण्याचा निकालच अधिक बोलका वाटतो. परंतु त्याच वर्षीं न्यूस्टार उपग्रहाच्या चित्रांत हें टायटॅनियम सारखें न पसरतां गोळ्यागोळ्यांनीं विखुरलेलें आढळलें. तेव्हां वांकड्यातिकड्या स्फोटानेंहि तें वाढलें असणें शक्य आहे. यांत स्फोटाचा वांटा किती आणि अणुगर्भाचा किती, हें निरनिराळ्या ऊर्जांना तो वेग प्रत्यक्ष मोजल्यावांचून ठरावयाचें नाहीं.