बोटीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन : निगा, निदान आणि जुळणी

(कामशेत परिसरातील नावाडी व पूरबचाव स्वयंसेवकांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी कामशेतवरून पुढे देहू-आळंदीकडे जाते. घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला की या शांत नदीचे रूप काही तासांत पालटते. याच नदीवर कामशेतच्या खालच्या अंगाला कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी जुना लोखंडी पूल कोसळून चौघांना प्राण गमवावे लागले. पावसाळा त्या वेळी जेमतेम सुरू झाला होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन मावळातच, सुदुंबरे येथे आहे, हे या तालुक्याचे भाग्यच होय. तथापि कोणत्याही दुर्घटनेत पहिल्या तासाला धावून जाणारा माणूस बहुधा त्याच गावचा असतो. त्याच्या हाताशी बोट असेल आणि तिचे इंजिन सुरू होत नसेल, तर त्या बोटीचा काही उपयोग नाही.

बोटीच्या मागील फळीवर बसविलेली जुनी टू-स्ट्रोक इंजिने आजही अनेक ठिकाणी वापरात आहेत. अमेरिकेत ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ साली अशी इंजिने विकावयास आरंभ केला. वजनाला हलके, रचनेला साधे आणि थोड्या हत्यारांत दुरुस्त होणारे हे यंत्र तेव्हापासून जगभर पसरले. पुणे जिल्ह्याला त्याची जात मुळीच परकी नाही. १९७२ साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरने आणि त्याच वर्षीच्या लुनाने टू-स्ट्रोक इंजिन येथे घरोघरी पोचविले. ज्याने चेतकचा प्लग काढून घासला आहे, त्याला बोटीच्या इंजिनाचे अर्धे ज्ञान आधीच झालेले आहे. उरलेले अर्धे पाण्याशी संबंधित आहे.

दहा महिन्यांची विश्रांती, एका दिवसाची परीक्षा

बचावकार्यासाठी ठेवलेले इंजिन वर्षातील बहुतेक दिवस स्वस्थ पडून असते, आणि बहुतेक बिघाड या स्वस्थपणातच जन्म घेतात. कार्बोरेटरमध्ये उरलेले पेट्रोल उडून जाते व मागे चिकट राळ राहते. केसासारखी बारीक छिद्रे असलेले जेट तिने बुजतात. जुन्या रबरी नळ्यांना चिरा पडतात, पॉइंटवर गंज चढतो आणि पाणीपंपाचा रबरी पंखा एकाच स्थितीत वाकून कडक होतो.

यात अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. परदेशी तेलावरील अवलंबन कमी करण्याच्या दृष्टीने हे धोरण महत्त्वाचे असले, तरी जुन्या इंजिनाच्या नळ्या, पडदे व गॅस्केट या इंधनासाठी घडविलेले नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा फार झाला की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि इंजिनाला सर्वप्रथम तेच मिळते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे व महिन्यापेक्षा अधिक काळ साठवू नये. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

मिश्रणाचे गणित

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी व्यवस्था बहुधा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला व बेअरिंगला वंगण पुरविते. बऱ्याच इंजिनांना पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते. त्याहून जुन्या काही इंजिनांना पंचवीसास एक, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर लागते. आपल्या इंजिनाचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेवरून ठरवावे आणि टाकीवर रंगाने लिहून ठेवावे. तेल बोटीच्या इंजिनासाठीचेच, टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचे असावे. स्कूटरचे तेल अधिक तापणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते.

येथे एक गोष्ट मनावर ठसवून घेतली पाहिजे. ज्या इंजिनाला पेट्रोल कमी पडते, त्याला तेलही कमी पडते. म्हणून पेट्रोलची बचत व्हावी या हेतूने मिश्रण पातळ करणे म्हणजे पिस्टन जॅम होण्यास आमंत्रण देणे होय.

निदानाचा क्रम

इंजिन सुरू होईना की एकाच वेळी चार स्क्रू फिरविण्याचा मोह होतो. तो आवरावा. ठिणगी, इंधन, दाब आणि पाणी या क्रमाने एकेक गोष्ट तपासावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

प्रथम ठिणगी. प्लग काढून त्याच्या टोपीत बसवावा आणि धातूचा भाग इंजिनाला टेकवून दोरी ओढावी. जवळपास सांडलेले पेट्रोल वा वाफ नसावी, एवढी दक्षता घ्यावी. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळसर व क्षीण ठिणगी चालत नाही. जुन्या मॅग्नेटोमध्ये पॉइंट असतात. ते बारीक पॉलिश कागदाने स्वच्छ करून पुस्तिकेत दिलेले अंतर फीलर गेजने राखावे. थंड असताना उत्तम चालणारे इंजिन तापल्यावर बंद पडत असेल आणि त्या वेळी ठिणगीही नाहीशी होत असेल, तर कॉइल वा कंडेन्सरचा संशय घ्यावा.

प्लगचा रंग हे इंजिनाचे प्रगतिपुस्तकच आहे. बिस्किटासारखा तपकिरी रंग प्रकृती ठीक असल्याचे सांगतो. काळा, तेलकट प्लग मिश्रण दाट असल्याचे किंवा ठिणगी दुबळी असल्याचे दर्शवितो. पांढराफटक, फोड आलेला प्लग मिश्रण पातळ असल्याचा किंवा इंजिन तापत असल्याचा इशारा देतो. तो दिसताच इंजिन चालविणे थांबवावे.

नंतर इंधन. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडलेला आहे ना, हे आधी पाहावे. तो बंद राहिल्याने काही मिनिटांनी इंजिन थांबते, आणि नावाडी नसता बिघाड शोधत बसतो. इंजिन केवळ चोकवरच चालत असेल, तर जेट बुजलेले असण्याचा संभव अधिक. मंद चालते, पण रेस देताच मरते, अशा वेळी नळीवरील रबरी फुगा हाताने दाबत राहावे. इंजिनाने पुन्हा उचल घेतली, तर दोष पेट्रोल-पंपाच्या पडद्यात, फिल्टरमध्ये किंवा हवा ओढणाऱ्या नळीत आहे, असे समजावे.

तिसरा दाब. सर्व सिलिंडरांचा दाब गेजवर साधारण सारखा यावा. एकात दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक घट असेल, तर रिंग झिजल्या आहेत किंवा गॅस्केट फुटले आहे. तेथे कार्बोरेटरची कितीही जुळणी केली तरी ती व्यर्थ होय.

शेवटी पाणी. इंजिन सुरू होताच बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार पडली पाहिजे. धार नसेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. पंपाचा रबरी पंखा पाण्याशिवाय काही सेकंदांतही खराब होऊ शकतो, म्हणून कोरड्या जमिनीवर इंजिन चालवून पाहू नये. पुराचे पाणी गाळाचे असते व गाळाने हा पंखा लवकर झिजतो. तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बदलणे श्रेयस्कर. गिअरचे तेलही त्याच वेळी पाहावे. ते दुधाळ झाले असेल, तर सीलमधून पाणी शिरले आहे.

जुळणी पाण्यातच

हे चारही मुद्दे ठीक असल्यावरच कार्बोरेटरच्या जुळणीकडे वळावे. मंदगतीचा मिश्रण-स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्यावा आणि एक ते दीड फेरा बाहेर आणावा. बळ लावल्यास सुईचे टोक कायमचे बिघडते. मग बोट घट्ट बांधून, इंजिन पाण्यात गरम करून, गिअर टाकून जुळणी करावी. स्क्रू थोडा थोडा आत नेताना इंजिन शिंकू लागते, ती पातळ मिश्रणाची सीमा होय. बाहेर आणताना ते जड, अडखळत चालते, ती दाट मिश्रणाची सीमा होय. दोहोंच्या मध्ये, किंचित दाट बाजूला स्क्रू ठेवावा. मंदगतीला गोड आवाज देणारे पण रेस देताच खोकणारे इंजिन योग्य जुळलेले नाही.

कामशेत-लोणावळ्याचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. येथील हवा किंचित विरळ असल्याने कोकण किनाऱ्यावर जुळविलेले इंजिन घाट चढून आल्यावर थोडे दाट चालते. त्यासाठी मुख्य जेट बदलण्याची गरज सहसा पडत नाही. स्क्रूची किरकोळ जुळणी पुरते.

मृगापूर्वीची सिद्धता

मावळातील शेतकरी मृगाची वाट पाहत औत-अवजारे दुरुस्त करतो आणि भाताच्या रोपासाठी राब भाजून ठेवतो. तोच नेम इंजिनालाही लावावा. मेच्या अखेरीस बोट प्रत्यक्ष पाण्यात घालून अर्धा तास चालवावी आणि आढळलेले दोष वहीत नोंदवावेत. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा इंजिन सुरू करावे. पुराच्या पाण्यातून आल्यावर ते स्वच्छ पाण्यात दहा मिनिटे चालवावे. हंगाम संपल्यावर नळी काढून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि प्लगच्या छिद्रातून थोडे तेल घालून ते उभे ठेवावे. बोटीत दोन प्लग, प्लगपाना, सुटी दोरी, पंख्याची पिन, पक्कड, पंख्यात अडकलेली जलपर्णी वा कापड कापण्यासाठी सुरी आणि दोन वल्ही सदैव असावीत. पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी.

सुस्थितीतील इंजिनालाही मर्यादा असतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीवर किती माणसे घ्यावयाची हे काठावरच ठरले पाहिजे, आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असले पाहिजे.

इंजिनाची दुरुस्ती पुराच्या दिवशी होत नसते. ती त्याआधी, कोरड्या उन्हात व्हावयास हवी. वीस रुपयांची नळी आणि एका दुपारचे कष्ट वाचविण्याच्या नादात कोणाच्या जिवाशी गाठ पडू नये, यासाठी मृग लागण्यापूर्वी प्रत्येक बोटीचे इंजिन एकदा पाण्यात सुरू करून पाहिले जावे, एवढीच अपेक्षा.