कळफलकावरची मराठी
(मनोरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



टंकलेखन यंत्रापासून संगणकापर्यंतच्या आठवणी सांगाव्यात, अशी आपली आज्ञा आहे. १९७० च्या दशकात मालाडच्या एका वर्गात मी मराठी टंकलेखन शिकलो. मनोरीची काही मुलेमुलीही मार्वेची तर गाठून त्या वर्गाला येत. ओहोटीमुळे उशीर झाला, हे कारण आमच्या गुरुजींना कधीच पटले नाही. समुद्रानेही वर्गाचे वेळापत्रक पाळावे, अशी त्यांची अपेक्षा असावी! १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासकीय कारभार मराठीत येऊ लागला होता. मिनिटाला तीस शब्दांच्या प्रमाणपत्रावर कितीतरी घरांत पहिला पगार आला.

ते यंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडलेले. विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ मध्ये स्वदेशी टंकयंत्र बनवले, ही आपल्या उपनगराच्या अभिमानाची गोष्ट. परंतु मराठीपुढचा पेच त्याने सुटणारा नव्हता. स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या, आणि कळा पन्नासांहूनही कमी. मग अक्षरे तोडली गेली. आधी अर्धा 'भ' उठवायचा, मग काना देऊन तो पूर्ण करायचा. 'वि' लिहिताना तोंडात 'व' आधी येई, पण बोटाला ऱ्हस्व वेलांटी आधी द्यावी लागे. जीभ आणि बोटे यांची ही फारकत अंगवळणी पडायला सहा महिने लागत. त्यात सायक्लोस्टाइलचा मेणकागद कापायचा असेल, तर फीत बाजूला सारून नुसत्या खिळ्यांचे घाव घालायचे. चूक झाली की लाल द्रव लावून फुंकर मारत बसायचे. कार्यालयात कोण नवखा आहे, हे त्या फुंकरींवरून कळे!

लिपीने यंत्रापुढे किती वाकावे, हा प्रश्न आमच्या कितीतरी आधीचा. मुद्रणाचे खिळे कमी व्हावेत म्हणून लोकमान्यांनी खटपट केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी मांडली. अि, अी, अु असे लिहिले की स्वतंत्र स्वरांचे खिळे वाचतात. 'किर्लोस्कर' मासिकाने ती अनेक वर्षे वापरली. त्या काळच्या यंत्राकडे पाहिले तर ही सूचना अत्यंत व्यवहार्य होती, असे माझे मत आहे. पुढे यंत्रच इतके समर्थ झाले, की सूचनेची निकड उरली नाही.

संगणक आला तेव्हा नोकऱ्या जातील म्हणून मोर्चे निघाले. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्याच सुमारास झालेले शांत काम. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि 'जिस्ट' तंत्राने भारतीय लिपी संगणकाच्या पडद्यावर आल्या. त्याआधीच 'इन्स्क्रिप्ट' कळफलक ठरला होता. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'क'च्या कळीवरच शिफ्ट दाबून 'ख', 'ग'वर 'घ'. आपल्या पूर्वजांनी उच्चारस्थानानुसार लावलेली वर्णमाला इथे यंत्राच्या कामी आली, आणि मराठी, बंगाली, तमिळ या सर्वांना एकच रचना मिळाली. वेलांटीही अक्षरानंतर, उच्चाराच्या क्रमाने आली. मी ती रचना शिकलो तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. बोटांनी फार दिवस बंड केले.

त्यानंतरचा एक अध्याय तर जुहूला घडला. तेथील एनसीएसटी या संस्थेत र. कृ. जोशी या सुलेखनकाराने 'मंगल' हा देवनागरी टंक आरेखित केला. विंडोज २००० पासून युनिकोडमधील देवनागरी सामान्य संगणकावर दिसू लागली, ती याच टंकात. कित्येकांनी आयुष्यातला पहिला मराठी ई-मेल त्याच्या अक्षरात वाचला असेल. जोशींचे नाव मात्र थोड्यांनाच माहीत आहे. २००८ मध्ये ते गेले. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले तेही २००८ मध्येच. मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' यांबाबतचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ चा. २०१७ मध्ये टंकयंत्रावरील शासकीय परीक्षाही थांबली.

आता ज्यासाठी मुख्यतः आलो, ते सांगतो. १९७८ सालची कार्बन प्रत आजही वाचता येते. जांभळी पडली असली तरी 'भ' तो 'भ'च. १९९६ सालच्या फ्लॉपीचे तसे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा होता. मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत, आणि कोणता तुकडा कुठे, हे ज्याचे त्याने ठरवलेले. तो फॉन्ट नसेल, तर गावसभेचा ठराव उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. इंग्रजांच्या काळचा कागद वाचता यावा आणि आपल्याच डोळ्यांदेखत लिहिलेली मराठी वाचता येऊ नये, ही स्थिती मला अस्वस्थ करते. सुदैवाने जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. पण फ्लॉपी वाचली गेली तर! तिच्यावरचा चुंबकीय थर दमटपणाने खराब होतो, आणि इथली खारी हवा आपण जाणताच.

मनोरीतील मंडळांची, मच्छीमार संस्थांची, शाळांची इतिवृत्ते त्या दहा-बारा वर्षांत संगणकावर लिहिली गेली असतील, तर कपाटे उघडून पाहावीत. प्रत्येक फ्लॉपीवर फॉन्टचे नाव आठवेल तसे लिहावे. छापील प्रत सापडली तर तीही सोबत ठेवावी. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हटकून चुकतात, ती ताडून पाहायला मूळ कागदच लागतो. फ्लॉपी वाचणारे एक जुने यंत्र मी चालू स्थितीत जपून ठेवले आहे.